इकोला येताना पाणी पिऊन या

आमच्या इको खोलीच्या दारावर एक कागद लावलेला आहे. त्यावर तीन ओळी आहेत. 'इको तपासणीला उपाशी येऊ नका. पाणी पिऊन या. बाथरूम डावीकडे, किल्ली आत मागा.' हा कागद आजवर तीनदा काढला गेला. पहिल्यांदा रंगकाम होतं म्हणून, दुसऱ्यांदा पाहुणे येणार होते म्हणून, आणि तिसऱ्यांदा हृदयविभागाच्या दारावर बाथरूमचा उल्लेख शोभत नाही, असं व्यवस्थापनातल्या एका सद्गृहस्थांना वाटलं म्हणून. तिन्ही वेळा तो मी पुन्हा लावला. शेवटच्या वेळी लॅमिनेट करून, चारी कोपऱ्यांत खिळे मारून. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. तेवढे दिवस तो तिथे राहील. पुढचं सांगता येत नाही, पण खिळे दोन इंची आहेत.

मी अकोल्यातल्या एका खासगी रुग्णालयात इको तंत्रज्ञ आहे. त्याआधी अमरावतीत हेच काम केलं, आणि त्याच्याही आधी अमरावतीच्याच एका दैनिकात उपसंपादक होते. ती आवृत्ती बंद पडली तेव्हा विज्ञानाची पदवी उपयोगी आली. नागपूरला अभ्यासक्रम केला आणि बातम्यांच्या टेबलावरून हृदयाच्या खोलीत आले. लोकांना वाटतो तेवढा हा बदल मोठा नव्हता. तिथे शिकवलेल्या तीन गोष्टी इथे जशाच्या तशा चालल्या. दिसलं तेवढंच लिहायचं. किती वाजता दिसलं ते लिहायचं. आणि दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर मजकूर छपाईला सोडायचा नाही.

इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं हृदयाचं हलतं चित्र. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवायचं, छातीवर गार जेली लावायची, साबणाच्या वडीएवढा प्रोब बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकवायचा आणि पडद्यावर पाहायचं. सुई नाही, किरणं नाहीत, दुखत नाही. घशातून नळी घालून करायचा इको वेगळा. त्याला उपाशीच यावं लागतं आणि तसं आधी बजावून सांगतात. साध्या इकोला उपाशी येण्याचं काही कारण नाही. तरी आमच्याकडे लोक उपाशी येतात. वऱ्हाडात तपासणी म्हटली की माणूस न जेवता निघतो. रक्ताला उपाशी, सोनोग्राफीला उपाशी, मग हृदयाला कसं जेवून जायचं, असा त्यामागचा विचार. त्यात आमच्या काउंटरवर एकच रबरी शिक्का होता, 'उपाशीपोटी येणे'. तो सगळ्या चिठ्ठ्यांवर पडायचा.

माझा बराचसा काळ गळक्या झडपा पाहण्यात गेला. हृदयाच्या डाव्या बाजूला वर एक कप्पा आहे, खाली एक. फुप्फुसातून आलेलं रक्त वरच्या कप्प्यात जमतं, खालचा कप्पा ते अंगभर ढकलतो. दोघांच्या मध्ये दोन पडद्यांची झडप असते, तिला मायट्रल म्हणतात. खालचा कप्पा आवळला की ही झडप मिटली पाहिजे. नीट मिटली नाही तर रक्ताचा काही भाग उलटा वर जातो. वरचा कप्पा हळूहळू ताणून मोठा होतो, खालच्याला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं, आणि काही वर्षांनी तो थकतो. थकण्याच्या आधी झडप दुरुस्त केली तर माणूस पुन्हा कामाला लागतो. थकल्यानंतर केली तर फारसा उपयोग होत नाही. म्हणून गळती किती, हा प्रश्न वेळेवर विचारावा लागतो.

वऱ्हाडातल्या चाळिशीच्या पुढच्या बायांना विचारलं, तर एक हकीकत अजून ऐकू येते. लहानपणी घसा दुखून ताप आला, गुडघे-घोटे सुजले, महिनाभर अंथरुणात होते, मग आपोआप बरं झालं. सांधे खरंच बरे होतात. त्या तापात झडप मात्र आखडलेली असते, आणि ते वीस-पंचवीस वर्षांनी कळतं.

गळती आम्ही रंगात पाहतो. प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं, आणि झडपेतून जोरात मागे फेकलं जाणारं रंगीबेरंगी, ठिपक्याठिपक्यांचं. हा फवारा मोठा दिसला की गळती मोठी, असं नवशिक्याला वाटतं. प्रत्यक्षात तो भिंतीला चिकटून गेला तर लहान दिसतो, मशीनचं बटण फिरवलं तर बदलतो, आणि रक्तदाब पडला तर आक्रसतो. म्हणून फवाऱ्याचा गळा जिथे सर्वांत अरुंद असतो तिथे मोजायचा, वरचा कप्पा मोजायचा, खालचा मोजायचा, आणि ही सगळी मापं एकच गोष्ट सांगताहेत का ते पाहायचं.

लोकांना यातलं काही नको असतं. त्यांना एक शब्द हवा असतो, किरकोळ, मध्यम की तीव्र. कापूस बाजारातल्या एका दलालांनी माझा दोन पानी अहवाल तळहातावर तोलून पाहिला आणि शेजारच्याला सहा पानं मिळाली, मला दोनच का, असं विचारलं. त्यांचं हृदय चांगलं आहे, लिहिण्यासारखं काही सापडलं नाही, असं सांगितलं तर ते नाराज झाले. एका निवृत्त हेडमास्तरांना पडद्यावर राग दिसतो का, हे जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "त्याले मशीन कायले पायजे?"

मी केलेली चूक आता सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

अमरावतीच्या रुग्णालयात असताना मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदार घरातल्या शांताबाई आल्या. वय बेचाळीसच्या आसपास. चढण चढताना दम लागतो, ही तक्रार. मे महिना होता. एसटीनं आल्या होत्या, ओठ सुकलेले होते. खाटेवर झोपताना त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी म्हटलं, तपासणी झाल्यावर प्या. तसा काही नियम नव्हता. चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' लिहिलेलं होतं, आणि ते कशासाठी हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

गळती किरकोळ ते मध्यम दिसली. वरचा कप्पा मोठा होता. हे मी पाहिलं, मोजलं आणि लिहिलंही. दोन आकडे जुळत नव्हते, आणि मी मजकूर सोडला. डॉक्टरांनी सही केली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि वर्षानं या म्हणून सांगितलं. त्या पावणेदोन वर्षांनी आल्या, तेव्हा चालत आल्या नाहीत. खालचा कप्पा थकला होता. नागपूरच्या शल्यविशारदांनी चित्रं पाहून नकार दिला. पुढच्या संक्रांतीला त्या नव्हत्या. त्यांच्या मुलीनं मला विचारलं, पहिल्यांदा आलो तेव्हा नव्हतं का हे? होतं, असं मी सांगितलं. त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं, कारण ते का दिसलं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळायला नंतरची बरीच वर्षं जावी लागली, आणि कळलं ते पातूरच्या एका भाजीवाल्यामुळे.

तोवर मी अकोल्याच्या नोकरीत आले होते. घर अमरावतीतच होतं. रोज पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. अकरा वर्षं हा प्रवास केला. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली असायची. ती भरून निघायची आणि भरलेलीच इको खोलीत येऊन बसायची. वाटेत गाडी थांबते तिथे बाईमाणसाला जाण्याजोगी जागा नसते, म्हणून आदल्या रात्रीनंतर पाणी नाही, हे मी स्वतः पाळत होते. कोणी शिकवलं नव्हतं. गाडीतल्या सगळ्याच बाया पाळत होत्या.

बेबीबाई आल्या त्या दिवशीही मे महिनाच होता. पातूरजवळ त्यांचा मळा. मेथी, पालक, वांगी आणि बांधाला झेंडू. वय अडतीस. त्यांच्यासोबत नवरा, गजाननभाऊ. आधी एका ठिकाणी इको झाला होता, त्यात गळती किरकोळ लिहिलेली होती. लहानपणी सांधे सुजल्याची हकीकत तीच. तक्रार विचारली तर म्हणाल्या, "बसली तं काही नाई, ताई. भाजीचं गठुडं डोक्यावर घेतलं का दम लागते. घरचे म्हनतात, नाटक करून राहिली."

गजाननभाऊंनी लगेच सांगितलं की हे आपण म्हटलेलं नाही, माय म्हणते.

"मायनं म्हनलं अन् तुमी मान हालवली," बेबीबाई म्हणाल्या.

या वेळी काही निघालं नाही, तर पुन्हा अकोल्याला आणायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ही दुसरी तपासणी होती आणि शेवटची. नागपूरला सरकारी योजनेतून ऑपरेशन होण्याची सोय होती, पण फाईल पुढे जायची तर अहवालात 'तीव्र' हा शब्द लागतो. 'मध्यम' असला की औषधं द्या, वर्षानं पाहू, असं उत्तर येतं. हे सगळं बेबीबाईंना नीट माहीत होतं. खाटेवर झोपताना त्या म्हणाल्या की आज काही निघालं तर बरं, नाहीतर मळ्यात पडेन तेव्हाच लोक खरं मानतील.

सकाळचे दहा वाजले होते. वरचा रक्तदाब शंभराच्या खाली. मशीन लावलं. गळती मध्यम. फवारा मागच्या भिंतीच्या कडेनं जाऊन अर्ध्यावर विरत होता. वरचा कप्पा मोजला, तो चांगलाच मोठा. पुन्हा मोजला, तोच आकडा. शांताबाईंचं चित्र समोर ठेवावं, इतकं सारखं.

गजाननभाऊ पडद्याकडे पाहत होते. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी झडप दाखवली, खालून वर उलटं जाणारं रक्त दाखवलं. त्यांना एका वाक्यात समजलं.

"म्हंजे फुटवॉल लीक हाय म्हना ना," ते म्हणाले.

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी जी झडप असते, तिला आमच्याकडे फुटवॉल म्हणतात. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी तिनं अडवून धरायचं असतं. ती गळकी झाली की पाणी परत विहिरीत उतरतं आणि मोटर नुसती फिरत राहते. इतक्या वर्षांत मायट्रल झडप समजावण्याची इतकी नेमकी रीत मला सुचली नव्हती. मी होकार दिला आणि सांगितलं की लीक आहे, पण मशीनमध्ये थोडीच दिसतेय.

त्यांनी पडद्यावरचा फवारा पुन्हा निरखून पाहिला. मग म्हणाले, "एक इचारू का, म्याडम? पायपात पानीच नसन, तं फुटवॉल लीक हाय का नाई, हे कसं समजन? भरल्याबिगर आमी तं सांगत नाई."

मी प्रोब खाली ठेवला. गजाननभाऊंना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून बेबीबाईंना विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायलात? काल संध्याकाळी, त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर उपाशी लिहिलं होतं म्हणून का? त्यांनी मान हलवली, पण खरं कारण वेगळं होतं.

"एस्टीत बसा लागते ना. उतरल्यावर जागा कुठं हाय आमाले? मानसाचं काय, थे कुठंबी उभे राहतात."

टेबलावर माझी बाटली होती, भरलेली. शांताबाईंनी मागितलेलं पाणी मला तेव्हा आठवलं.

गळती रक्तदाबावर आणि अंगातल्या रक्ताच्या भरतीवर अवलंबून असते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. ते पुस्तकात आहे. तपासणीच्या वेळचा रक्तदाब नोंदवा, असंही पुस्तकात आहे. रुग्ण कोणत्या गाडीनं आला आणि उतरल्यावर त्याला बाथरूम मिळालं का, हे नोंदवा, असं कुठल्याच पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना एसटीत पाणी न पिता बसावं लागलं नसावं. मला बसावं लागत होतं, आणि तरी मला दिसलं नाही. त्यासाठी मी पुस्तकाला दोष देऊ शकत नाही.

पहिला अहवाल मी छापला नाही. काउंटरवरच्या वानखडेभाऊंना सांगितलं की या बाईंना कँटीनमध्ये नेऊन पाणी द्या, मठ्ठा द्या, आणि त्यांनी भाकरी आणली असेल तर खाऊ द्या. कर्मचाऱ्यांच्या बाथरूमची किल्ली मी स्वतः बेबीबाईंच्या हातात दिली. दोन ग्लास पाणी प्यायल्यावर त्या आधी दार कुठल्या बाजूला आहे ते पाहत होत्या.

साडेदहाला आमचे हृदयरोगतज्ज्ञ आले. रुग्णालयात सगळे त्यांना सर म्हणतात, वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असूनही मीसुद्धा. माणूस हुशार आहे आणि प्रामाणिक आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं बोलणं वाचून कोणी उलटा समज करून घेऊ नये. त्यांनी अहवाल मागितला. मी तो छापलेला नाही म्हणून सांगितलं, आणि कारण सांगितलं. बाईंनी काल संध्याकाळपासून पाणी प्यायलेलं नाही, रक्तदाब पडलेला आहे, कप्पा मोठा आहे, गळती मध्यम दिसतेय, हे जुळत नाही.

"दिसलं ते लिहायचं, हा तुमचाच नियम आहे ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर. पण मी अर्धंच पाहिलंय."

मग मी काय करणार ते सांगितलं. पाणी आणि अन्न पोटात गेल्यावर, रक्तदाब नेहमीसारखा झाल्यावर पुन्हा पाहायचं. आणि पाहताना बाईंना दोन्ही मुठी आवळून धरायला सांगायचं. मुठी आवळल्या की रक्तदाब वाढतो, हृदयावर कामाचा भार येतो. ही साधी, जुनी युक्ती आहे, मी शोधलेली नाही.

सर वैतागले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आधी पाणी पाजायचं, मग मुठी आवळायला लावायच्या, गळती वाढवायची आणि वर 'तीव्र' लिहायचं. योजनेच्या कार्यालयातून विचारणा झाली, रुग्णालयानं फाईल मंजूर व्हावी म्हणून आकडा फुगवला असं कोणी म्हटलं, तर उत्तर कोण देणार?

"मी देईन," मी म्हटलं. "ही बाई रोज मुठी आवळूनच काम करते, सर. गळती मी वाढवत नाही. तिच्या मळ्यात ती जेवढी असते, तेवढी इथे पाहतेय."

तंत्रज्ञानं तंत्रज्ञाचं काम करावं, असं ते म्हणाले. तेच करते आहे, मी म्हटलं, आणि मशीन जुळत नाही असं सांगतंय. बाहेर वानखडेभाऊ कागद चाळण्याचं सोंग करत होते. सरांनी घड्याळ पाहिलं. दुपारी तीन वाजता ते स्वतः उभे राहून पाहणार, आणि फरक दिसला नाही तर सकाळचाच अहवाल 'मध्यम' म्हणून जाणार, असं ठरलं. मला ते मान्य करावं लागलं. त्यात माझं काही जाणार नव्हतं. गेलं असतं ते बेबीबाईंचं, आणि हे मला तीन वाजेपर्यंत पुन्हा पुन्हा आठवत होतं.

तीनला त्या खाटेवर झोपल्या. रक्तदाब सकाळपेक्षा तीसनं वर आला होता. ओठ ओले होते. सर माझ्या मागे उभे होते. प्रोब टेकवला. सकाळी अर्ध्यावर विरणारा फवारा आता भिंतीच्या कडेनं कप्प्याच्या टोकापर्यंत जात होता. बेबीबाईंना म्हटलं, विहिरीतून बादली ओढता तशा मुठी आवळून धरा, सोडू नका. त्यांनी आवळल्या. हाताच्या शिरा उठल्या. अर्ध्या मिनिटानं फवारा टोकाच्या भिंतीवर आपटून वळला आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नळीत उलटा शिरला.

सरांनी माझ्या हातातून प्रोब घेतला. फवाऱ्याचा गळा त्यांनी तीनदा मोजला. मग बेबीबाईंनी विचारलं, "सोडू का आता? का गठुडं आनून देता?"

सर हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. मुठी सोडायला सांगून ते माझ्याकडे वळले.

"लिहा."

"काय लिहू?"

"दिसलं ते," ते म्हणाले.

मी दोन्ही लिहिलं. सकाळी दहा वाजता, रक्तदाब इतका, रुग्ण पंधरा-सोळा तास पाण्याविना, गळती मध्यम. दुपारी तीन वाजता, रक्तदाब इतका, अन्नपाणी घेतल्यानंतर, गळती तीव्र. मुठी आवळल्यावर काय झालं, तेही वेगळ्या ओळीत. सरांनी प्रत्येक पानावर सही केली. वेळा न लिहिता फक्त दुपारचा आकडा दिला असता तर फाईल सरळ गेली असती, असं वानखडेभाऊंचं मत पडलं. त्यांचं बरोबरही असेल. पण सकाळचं लपवलं असतं, तर पुढच्या बाईसाठी भांडायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

योजनेच्या कार्यालयातून फोन आला, अपेक्षेप्रमाणे. एका दिवसात दोन वेगळे निष्कर्ष कसे? मी सांगितलं की बाई तीच आहे, मशीन तेच आहे, सकाळी ती कोरडी होती आणि दुपारी प्यायलेली होती. दोन्ही मापं खरी आहेत. ऑपरेशन करायचं ते ज्या बाईचं, ती एसटीच्या बाकावर राहत नाही, मळ्यात राहते. पलीकडच्या गृहस्थांनी चित्रं मागवली. पाठवली. नंतर त्यांच्या डॉक्टरांचा फोन सरांना आला आणि सर त्यांच्याशी अर्धा तास बोलले. मी खोलीत नव्हते. फाईल मंजूर झाली. नागपूरला झडप दुरुस्त झाली. बदलावी लागली नाही, कारण खालचा कप्पा अजून थकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरचा 'उपाशीपोटी येणे' शिक्का उचलून माझ्या खणात टाकला. वानखडेभाऊ म्हणाले, "म्याडम, शिक्का हॉस्पिटलचा हाय." मी म्हटलं, सोनोग्राफीवाल्यांना नवीन करून द्या, हा आता मिळणार नाही. तो अजून खणात आहे. दारावरचा कागद त्याच आठवड्यातला.

यावर आक्षेप आले. एका परिषदेहून परतलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं की हे मी कशावरून म्हणते, किती रुग्णांचा अभ्यास केला? अभ्यास केलेला नाही. माझ्याकडे आहे ती नोंद. प्रत्येक इकोच्या वर आता मी तीन गोष्टी लिहिते, रक्तदाब, शेवटचं पाणी कधी, कशानं आलात. पाणी न पिता आलेल्या बाईचं चित्र मी घेत नाही. आधी पाणी, मग किल्ली, मग खाट. त्यानं रोजची रांग लांबते, संध्याकाळी गाडी चुकते आणि महिन्याच्या बैठकीत माझं नाव निघतं. निघू द्या.

याआधीच्या वर्षांत अशा किती जणी माझ्या खाटेवरून 'किरकोळ' घेऊन घरी गेल्या असतील, हे मला सांगता येत नाही. जुनी चित्रं पुसली गेली, नोंदींत पाण्याचा रकाना नव्हता. मोजता येत नाही म्हणून त्या नव्हत्याच, असं मात्र मी म्हणणार नाही. एकीचं नाव मला माहीत आहे.

बेबीबाई ऑपरेशननंतर चार महिन्यांनी तपासणीला आल्या. एकट्या आल्या. गजाननभाऊ मळ्यात होते, कारण मेथीची तोडणी होती आणि आदल्या दिवसापर्यंत ती बेबीबाईंनीच केली होती. हातात पाण्याची बाटली, अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी. मी शेवटचं पाणी कधी, असं विचारलं, तर त्यांनी माझ्यासमोरच उरलेलं पिऊन दाखवलं. रक्तदाब चांगला. मुठी आवळायला मी सांगायच्या आधीच आवळल्या. गळती किरकोळ. वरचा कप्पा आधीपेक्षा लहान. या वेळी आकडे जुळत होते, म्हणून तो शब्द मी लिहिला आणि सोडला.

जेली पुसता पुसता मी विचारलं, पाणी पिऊन निघालात, मग गाडीत काय केलंत?

त्यांनी सांगितलं. पातूर सोडल्यावर अर्ध्या तासानं त्या उठून कंडक्टरजवळ गेल्या आणि पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घडीभर थांबवायला सांगितली. कंडक्टर म्हणाला, "काहून वं, माय? गाडी काय घरची हाय?"

"मी म्हनलं, घरची नाई म्हनून तं सांगून राहिली. घरची असती तं इचारलं नसतं."

सगळी गाडी हसली, पण त्यानं घंटी मारली. गाडी थांबली आणि बेबीबाई उतरल्या. एकट्याच उतरलो असं त्यांना वाटलं होतं. मागे वळून पाहिलं, तर पाठोपाठ आणखी चार बाया उतरत होत्या.

त्यांतल्या एकीलाही इकोला यायचं नव्हतं.